पाऊण लूप

८ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. सासऱ्यांचं पांढरं विमान मीच उडवणार.

तसं मला कोणी सांगितलेलं नाही. पण दुसरं आहेच कोण?

पंख्यांच्या कारखान्यात सतरा वर्षं तपासणी विभाग सांभाळतोय. नोंद करायची तर नीट करावी, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. सासरे आमच्याकडेच राहतात, मागच्या खोलीत. जन्मभर लेथवर टर्नर होते. रिटायर झाल्यावर तीन वर्षं खपून त्यांनी हे विमान केलं. पंख माझ्या छातीइतक्या उंचीचे, म्हणजे उभे धरले तर. खोलीत आढ्याला टांगलेलं असतं. एकदाही उडालेलं नाही. या प्रकारच्या विमानाला रिमोट वगैरे नसतो. अठरा मीटरच्या दोन पोलादी तारा, तारांच्या टोकाला हँडल, हँडल धरून माणूस मधे उभा. विमान त्याच्याभोवती गोल फिरतं आणि विमानाबरोबर माणूसही. सासऱ्यांचा कान बिघडल्यापासून त्यांना स्वतःभोवती एक चक्कर मारली तरी भिंत धरावी लागते. त्यामुळे विमान आढ्याला.

आता काचबिंदू निघाला आहे. नजर कडेकडेने जात चालली आहे. म्हणतात, पाइपातून बघावं तसं दिसतं. आज जेवताना ते म्हणाले, जूनच्या पहिल्या रविवारी विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबाचा दिवस आहे, त्या दिवशी ते माझ्यासमोर उडावं. दिसतंय तोवर. आणि नुसतं गोल गोल नको, लूप हवी, उलटं उडायला हवं, त्यासाठीच केलंय. शिकाऊ विमानावर जो एक लूप आणि उलटी एक फेरी करून दाखवेल त्याच्या हातात देईन.

बोलताना ते कोणाकडे बघत होते हे त्या नजरेमुळे नक्की सांगता येत नाही. मी आणि बायको शेजारी शेजारी बसलो होतो. माझ्याकडेच बघत असणार.

१० फेब्रुवारी

विमानाची निवड. क्लबातला चॅम्पियन म्हणजे एक डेंटिस्ट. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून बघून माणसाला वाटायला लागतं की आपल्यालाच सगळं कळतं. त्याला फोन केला. सल्ला असा : सुरुवात फळीपासून करा. फळी म्हणजे एका सपाट लाकडाचं धड, जाडजूड पंख, रंग नाही, रूप नाही. इस्त्रीच्या टेबलाला पंख फुटावेत तसं दिसतं. म्हणे जाड पंखामुळे हळू उडतं, चटकन वळतं, आणि पडलं तर तासाभरात चिकटवता येतं.

पडलं तर! हा माणूस पडण्याच्या सोयीने विमान निवडतो.

मी लढाऊ विमान मागवलं. बारीक पंख, हिरवे-करडे पट्टे, काचेच्या आत बसलेला छोटा वैमानिक, त्याला मिशासुद्धा. डेंटिस्ट म्हणाला, ते जड आहे, लूपमधून बाहेर येणार नाही. मी म्हटलं, आधी लूपमधे तर जाऊ द्या. फोन ठेवला.

१८ फेब्रुवारी

बायकोने स्वतःसाठी फळी मागवली. चार संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून जोडतेय. बाप शेजारी बसून अंगठ्याने सांधे चाचपतो. असू दे. तिलाही काही विरंगुळा हवा. जेवण मात्र चार दिवस मांडीवर ताट घेऊन.

२२ फेब्रुवारी, रविवार

लढाऊ आलं. काय रूप! सासऱ्यांच्या हातात दिलं. त्यांनी बोटांनी सगळं चाचपलं, मग वजन विचारलं. मी सांगितलं. त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं. नंतर ते काहीच बोलले नाहीत. थक्क झाले असावेत.

१ मार्च, रविवार. संध्याकाळ ५

भिंती अजून फिरतायत, तरीही नोंद करतो.

पहिलं उड्डाण यशस्वी. डेंटिस्टने विमान धरलं, इंजिन चालू केलं, सोडलं. विमान उठलं. पहिल्या तीन फेऱ्या निर्दोष. चौथ्या फेरीला माझ्या लक्षात आलं की या खेळात एक मूलभूत दोष आहे, तो मला कोणीच सांगितला नव्हता. इंजिन बंद करता येत नाही. टाकी संपेपर्यंत विमान फिरणार, आणि विमान फिरणार तोवर आपण फिरणार. टाकी सहा मिनिटांची. मी एक मिनिटातच पुरेसा फिरलो होतो.

नवव्या फेरीला मी खाली बसलो. स्वतःहून बसलो. बसताना हात खाली गेला. हात खाली म्हणजे विमान खाली.

नुकसान : प्रोपेलर, चाकं, उजवा पंख, वैमानिकाचं डोकं.

डेंटिस्ट म्हणाला, झाडांकडे बघू नका, विमानाकडेच बघत राहा, मग चक्कर येत नाही. सतरा वर्षं माझ्या डोक्यावर पंखे फिरतायत. गरगर म्हणजे काय हे दात उपटणाऱ्याने मला शिकवू नये.

बायकोने फळीत चमचाभरच इंधन घातलं, पाच फेऱ्या मारल्या, टाकी संपली, फळी उतरली. तिला चक्कर आली नाही. हळू विमानाने कशी येईल?

३ मार्च

संकल्प : रोज दहा मिनिटं स्वतःभोवती फिरण्याचा सराव. आजपासून सुरू. कारखान्यात टेस्टिंगच्या खोलीत, दुपारच्या सुट्टीत, दार लावून.

४ मार्च

दार नीट लागत नाही. पॅकिंगची सुपरवायझर फाइल घेऊन आत आली. मी म्हटलं, मानेचा व्यायाम आहे. ती म्हणाली, मान तर हलतच नव्हती. या बाईला पॅकिंगमधेच ठेवलं पाहिजे.

सराव तूर्त स्थगित.

१५ मार्च, रविवार

बायकोची फळी आज दोनदा पडली. पहिल्यांदा नाक मोडलं. तिथेच गवतात बसून तिने ते चिकटवलं, तासाभराने परत उडवली, परत पाडली, परत चिकटवली. मला बघवेना. चारचौघांत आपली बायको असं आपटत बसलेली कोणाला आवडेल? शेवटी टाकीभर उडाली, चढउतारही केले, पण तोपर्यंत शोभा व्हायची ती झाली होती.

माझं लढाऊ दोन आठवडे दुरुस्तीत आहे. उच्च प्रतीच्या यंत्राला वेळ लागतोच. वैमानिकाचं डोकं सापडलं नाही.

२९ मार्च, रविवार

इतिहास घडला. लूप!

आता नेमकं काय झालं ते. हँडल वर ओढलं. विमान सरळ आभाळात चढलं, हा पहिला पाव. माथ्यावर जाऊन पाठीवर झालं, हा दुसरा पाव. तिथून नाक खाली करून सरळ उतरायला लागलं, हा तिसरा पाव. तिन्ही पाव अप्रतिम, डेंटिस्टनेसुद्धा टोपी काढली. चौथ्या पावाच्या आधी जमीन आली.

थोडक्यात, पाऊण लूप. पंचाहत्तर टक्के. आमच्या खात्यात पंचाहत्तर टक्क्यांना फर्स्ट क्लास म्हणतात.

लढाऊ एका पिशवीत भरून घरी आणलं. छोटी पिशवी पुरली.

बायको तोंड फिरवून तारा गुंडाळत होती. खांदे हलत होते. रडत असावी बिचारी.

३० मार्च

सासऱ्यांनी विचारलं, काल काय झालं? मी म्हटलं, लूप जमली. पाव भागासाठी म्हाताऱ्या माणसाला कशाला तपशिलात न्यायचं?

बायको ताटं उचलत होती. थांबली. माझ्याकडे पाहिलं. बोलली काही नाही. म्हणजे तिलाही ते मान्य आहे.

५ एप्रिल, रविवार

उलटं उडण्याचा अभ्यास पूर्ण केला. तत्त्व सोपं आहे. विमान पाठीवर झालं की सगळं उफराटं होतं. वर न्यायचं तर हात खाली करायचा. घाबरून सवयीने हात वर ओढला की विमान थेट मातीत. नवशिके सगळे इथेच मरतात, असं डेंटिस्ट म्हणतो. मी सोफ्यावर पाठीवर पडून, डोकं कडेवरून खाली लोंबतं ठेवून, हँडल हातात घेऊन सराव केला. वीस मिनिटं. एकही चूक नाही. नवशिके मरतात कारण ते डोक्याने काम करत नाहीत.

डोक्यात रक्त उतरल्याने दुपारी झोपलो. मैदानावर गेलो नाही. बायको एकटीच गेली. सांगत आली की तीनदा पडली, चौथ्यांदा उलटी अख्खी फेरी झाली. मी म्हटलं, योगायोग. ती म्हणाली, हो, पाचव्यांदाही योगायोग झाला, सहाव्यांदाही.

संकल्प : बायकोशी संयमाने वागणे.

२६ एप्रिल, रविवार

आज सासरे दाराच्या चौकटीवर आदळले. कपाळाला टेंगूळ. दार समोर दिसत होतं म्हणतात, चौकट नव्हती दिसत. जूनपर्यंत थांबायला नको असं त्यांनी स्वतःच डेंटिस्टला फोन करून सांगितलं. क्लबाने दिवस अलीकडे आणला. १७ मे.

मग म्हणाले, पुढच्या रविवारी दोघांनी फळीवर लूप आणि उलटी फेरी डेंटिस्टला करून दाखवा. त्याने हो म्हटलं की माझी हरकत नाही.

दोघांनी! मी जमली म्हणून सांगितल्यावर परत दाखवायची कशाला? माणसाचा शब्द म्हणून काही असतो की नाही?

३ मे, रविवार

मनगट दुखावल्यामुळे आज चाचणी देऊ शकलो नाही. कालपासून पट्टी बांधली होती. डेंटिस्टने विचारलं, कुठल्या हाताने उडवता? उजव्या. मग पट्टी डाव्या हाताला का? मी म्हटलं, दुखणं सरकतं.

बायकोने लूप केली, उलटी फेरी केली. डेंटिस्टने मान डोलावली. त्याची मान काय, दिवसभर डोलतच असते.

६ मे

खूप विचार केला आणि मूळ चूक सापडली. माझा आणि लूपचा प्रश्नच नाही. लढाऊ जड होतं म्हणून पाव भाग राहिला. फळी माझ्या पातळीची नाही. पांढरं मात्र लूपसाठीच बनलेलं आहे, हलकं, जाड पंखाचं. म्हणजे ज्या विमानावर मला जमणार आहे त्याच विमानावर सराव न करता मी भलत्याच विमानांवर वेळ घालवला. एकदा पांढऱ्यावर जमलं की चाचणीबिचणी सगळं आपोआप निकालात निघेल. रविवारी सासऱ्यांना सांगेन, बाबा, उडवूनच आलो.

शनिवारी सकाळी बायको त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे. अकरापर्यंत घरी येणार नाहीत.

९ मे, शनिवार. सकाळ १०.४०

भराभर लिहितो.

मैदानावर एकटाच होतो. एकट्याने उडवायचं तर जमिनीत खुंटी ठोकून विमानाची शेपटी तिला अडकवतात, दोरी ओढली की विमान सुटतं. ते सगळं व्यवस्थित केलं. इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं. म्हाताऱ्याचा हात आहे, मानलं. दोरी ओढली. विमान धावलं. मी हात वर केला. विमानाने नाक खाली केलं आणि जमिनीत खुपसलं.

दोन्ही तारा उलट्या लागल्या होत्या. वरची खाली, खालची वर. उडवण्याआधी हँडल एकदा हलवून शेपटीचं हलतं पान वर जातं की खाली ते बघायचं असतं. दोन सेकंदांचं काम. बायको प्रत्येक वेळी करते, मी तिला हसतो. याच आठवड्यात तपासणीची सही नाही म्हणून चाळीस पंखे मी परत पाठवले आहेत.

दोन्ही तारांचा रंग एकच असतो. हा सरळ सरळ कारखानदाराचा दोष आहे.

प्रोपेलर तुटला. नाकाला चीर. डाव्या पंखाची पुढची कड फुटली. झटपट चिकटणारा गोंद लावला. चिरेवर ऑफिसातलं व्हाइटनर फिरवलं. पांढऱ्यावर पांढरं, ओळखूही येत नाही. प्रोपेलर लढाऊचा सुटा होता तो बसवला. आढ्याला टांगलं.

सकाळ ११.०५. आले.

१० मे, रविवार

सासरे म्हणाले, विमान खाली काढा, पुढच्या रविवारसाठी पुसून ठेवू. मीच काढून दिलं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

ते मांडीवर घेऊन बसले. डोळे मिटलेलेच होते, उघडून उपयोगही फारसा नाही. शेपटीपासून अंगठा फिरवत पुढे आले. केसाइतका फरक या अंगठ्याला चाळीस वर्षं कळत आलाय. पंखाच्या कडेवर अंगठा थांबला. मग नाकावर आला, तिथेही थांबला. तिथे बराच वेळ थांबला. अंगठा नाकाशी नेऊन त्यांनी व्हाइटनरचा वास घेतला.

मग म्हणाले, जावईबापू, तारा उलट्या लागल्या होत्या का?

मी हो म्हटलं. खरं तर नाही म्हणायचं ठरवलं होतं.

म्हणाले, धावत असतानाच नाकावर गेलं, म्हणजे तेच असणार. आणि बायकोला म्हणाले, पॉलिश पेपर आण, बारीक आणि जाड दोन्ही. एवढंच. ओरडले असते तर मलाही काही बोलता आलं असतं. तोंड धुऊन आलो. उकाडा फार आहे.

बायको माझ्याशी बोलत नाही.

१३ मे, बुधवार

रोज संध्याकाळी साडेपाचपासून टेबलावर. सासरे सांगतात, मी करतो. आधी व्हाइटनर खरवडून काढलं, त्यात दोन संध्याकाळी गेल्या. मग माझा गोंद. त्यांनी विचारलं, हा कोणी लावला? दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, मी.

आज पंखाची कड घासली आणि त्यांच्या हातात दिली. अंगठा फिरवून त्यांनी परत दिली. परत घासली. परत आली. सहा वेळा परत आली. सतरा वर्षांत मला कोणी नापास केलं नव्हतं, इथे एका दिवसात सहादा. सातव्यांदा त्यांनी पुढचा तुकडा मागितला. मला उगाचच फार बरं वाटलं.

शेपटी बघत असले की त्यांना नाक दिसत नाही, नाक बघितलं तर शेपटी नाही. एका वेळी ताटाएवढंच दिसतं. मला वाटलं होतं यापेक्षा जास्त दिसत असेल. कधी विचारलं नव्हतं.

१६ मे, शनिवार

झालं. रंगसुद्धा वाळला. आता या विमानाचा इंच न् इंच मला माहीत आहे. नाकात कुठे सांधा आहे, पंखात कुठली कड नवी आहे, हे जगात दोघांनाच माहीत, आणि त्यातल्या एकाला चक्कर येते. तेव्हा उद्या कोणी उडवायचं याचं उत्तर उघड आहे. सगळं धैर्य एकवटून सासऱ्यांना म्हटलं, बाबा, उद्या मी उभा राहू का मधे?

म्हणाले, नको. तुम्ही धरा.

१७ मे, रविवार. संध्याकाळ

मी धरलं.

गवतात गुडघे टेकून, दोन्ही हातांनी. बायको मधे उभी, हँडलचा पट्टा मनगटाला. तिने हँडल वर केलं, शेपटीचं पान वर गेलं. मी ओरडलो, वर! तिने खाली केलं. मी ओरडलो, खाली! तिने परत एकदा करायला लावलं. बरोबरच केलं तिने. मग इंजिन. हे विमान हातात किती ओढ घेतं याची मला कल्पना नव्हती. शर्ट तेलाने भरला. तिने मान हलवली आणि मी सोडलं.

सहा मिनिटं. तीन लूप, चारही पाव धरून. मग उलटं. दोन फेऱ्या, जमिनीपासून डोक्याइतक्या उंचीवर, पोट वर करून. ती हात खाली करत होती आणि विमान वर राहत होतं. सोफ्यावर हे असं दिसत नव्हतं.

सासऱ्यांना डेंटिस्टने कडेला खुर्चीवर बसवलं होतं. ते विमानामागे मान फिरवत नव्हते. सरळ समोर एकाच जागी बघत बसले होते, विमान त्या जागेवरून जाण्याची वाट बघत. दर फेरीला एकदा. उलटं गेलं तेव्हा त्यांनी हात वर केला आणि पुढची फेरी येईपर्यंत तो तसाच ठेवला.

घरी येऊन लिहायला बसलो आणि लिहिलं की विमान इतकं उत्तम आहे की ते कोणीही उडवू शकतं. खोडलं. मला नव्हतं उडवता आलं.

जेवताना सासऱ्यांना विचारलं, मी कसं धरलं होतं? म्हणाले, तुम्ही दिसला नाहीत हो, मी पुढे बघत होतो. पण सुटताना डगमगलं नाही, म्हणजे नीटच धरलं असणार.

मग त्यांनी मीठ मागितलं. मी ते ताटाशेजारी न ठेवता त्यांच्या हातात दिलं.